पिकअप विकत घेण्याआधी

मित्रहो, बेस गिटार वाजवणारे चार जण जमले आणि पिकअपचा विषय निघाला, की पहिला प्रश्न असतो: कुठल्या कंपनीचा घेऊ? मला आज त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये वीज निर्माण होते हे आपल्याला ठाऊक असतं. तिथून जॅकपर्यंत, म्हणजे केबल खुपसायच्या भोकापर्यंत येताना तिचं काय होतं, याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही. थोड्या पैशांत मोठा फरक पडतो तो तिथेच.

जॅझ बेसचंच घ्या. लिओ फेंडर यांच्या कंपनीने तो 1960 मध्ये आणला. त्याची रूढ मांडणी म्हणजे दोन सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, दोन व्हॉल्यूमचे नॉब, एक टोनचा. प्रत्येक नॉबखाली एक पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोध. तिन्ही पॉट 250 किलो-ओहमचे. दोन्ही व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडले, की उंच स्वरांच्या दृष्टीने हे तिन्ही पॉट समांतर जोडलेले असतात. म्हणजे पिकअपवर सुमारे 83 किलो-ओहमचा भार पडतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्या वेढ्यांचं इंडक्टन्स (विजेच्या बदलाला होणारा विरोध) आणि केबलची कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) यांच्यामुळे एका ठरावीक पट्ट्यात आवाज उचलला जातो. ती उचल किती ठसठशीत राहणार, हे पॉटचा भार ठरवतो. पॉट 500 चे घातले तर आवाज उजळतो, स्लॅप (अंगठ्याने तारेवर मारलेला ठोका) जास्त कडक वाजतो. पण तारेवर बोट घासल्याची खरखरही तितकीच पुढे येते. नव्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा लावणाऱ्याला मी तरी 250 च सुचवेन. जीर्ण पॉट बदलून चांगल्या प्रतीचे बसवले, की नॉब फिरवताना होणारी करकर थांबते आणि आवाज सावकाश, हाताला कळेल असा कमी होतो.

टोनच्या नॉबला जोडलेल्या, उंच स्वर कमी करणाऱ्या कपॅसिटरबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. तो सहसा 0.047 मायक्रोफॅरडचा असतो. जुने, तेलात भिजवलेल्या कागदाचे कपॅसिटर भरमसाट भावाने विकले जातात. मोजून मूल्य तेच भरत असेल, तर साधा पॉलिएस्टरचा तितकंच काम करतो. ते पैसे वाचवा.

आता गुणगुण. सिंगल-कॉइल पिकअप आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही ऐकतो. 1957 मध्ये फेंडरच्याच प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप आला. त्यातले अर्धे वेढे उलटे आणि चुंबकही उलटे, त्यामुळे तारेचा आवाज जोडला जातो आणि गुणगुण एकमेकांना खोडते. जॅझ बेसच्या जोडीतही हीच युक्ती असते, पण दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतील तेव्हाच. एक जरा खाली आणा, गुणगुण परत येते. बेसच्या लाकडात पिकअप आणि पॉट बसतात त्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, की ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर बरीच कमी होते. चुंबकीय गुणगुण मात्र तांब्याला जुमानत नाही, तिच्यासाठी वेढ्यांचीच जोडी लागते.

म्हणून जोडीतला एकच पिकअप बदलणार असाल तर थांबा. नव्याची चुंबकदिशा होकायंत्राने तपासा. ती दुसऱ्या पिकअपच्या उलट हवी आणि वेढेही उलटे हवेत. जोडल्यावर दोन्ही एकत्र वाजवताना खर्ज नाहीसा होऊन आवाज किरटा झाला, तर पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लहर वर जाताना दुसऱ्याची खाली जाते. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र त्यातली एखादी धातूच्या कवचाला जोडलेली नाही ना, हे आधी पाहा.

पैसा न लागणारी गोष्ट म्हणजे पिकअपची उंची. मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून धरा आणि चुंबकापर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली तीन मिलिमीटरच्या आसपास, पातळ तारेखाली दोनच्या आसपास, इथून सुरुवात करा. फार जवळ आणलात तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. पिकअप वाईट म्हणून काढून टाकलेल्या कितीतरी बेसची खरी तक्रार एवढीच असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्रिजखालून (तारा अडकवलेल्या धातूच्या भागाखालून) आलेली वायर तारांना अर्थशी जोडते. ती तुटली की तारांना हात लावला तरी चरचर कमी होत नाही. ती नीट असेल आणि मांडवातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी शॉक बसू शकतो. गणपतीत, लग्नात वाजवणाऱ्यांनी साउंडवाल्याला अर्थिंगबद्दल आधी विचारावं. झटका बसतो म्हणून ती वायर कापू नका, सॉकेट दुरुस्त करून घ्या.

एवढं सगळं करूनही मनातला आवाज मिळाला नाही, तर नवे पिकअप जरूर घ्या. जुने काढताना त्यांच्या वायरी कापू नका, डाख वितळवून मोकळ्या करा. पुढे कधी तेच परत बसवावेसे वाटतील.