एका प्रोसेसरवर निर्दोष दिसणारा डिस्क ड्रायव्हर

मित्रहो, डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरची, म्हणजे डिस्क सांभाळणारे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, तक्रार आली की तिचे रूप बहुधा ठरलेले असते. मशीन दिवसभर व्यवस्थित चालते, रात्री बॅकअप सुरू झाला की डिस्क प्रतिसाद देईनाशी होते आणि मशीन पुन्हा चालू केले की तीच डिस्क काही न घडल्यासारखी समोर येते. मग कोणीतरी एकच प्रोसेसर चालू ठेवून पाहतो आणि तक्रार थांबते. काम तिथेच संपवण्याचा मोह होतो. परंतु तक्रार थांबणे आणि कारण सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि ज्या मशीनवर लोकांचा डेटा आहे तिथे ते अंतर कापल्याशिवाय आपण उठता कामा नये, असे मला मनापासून वाटते. आज मी लिनक्सची उदाहरणे घेणार आहे, कारण तिथे आत शिरून पाहता येते.

विनंत्यांची रांग ड्रायव्हरचे दोन भाग हाताळतात. एक भाग नवी विनंती रांगेत घालतो. दुसरा, म्हणजे इंटरप्ट हँडलर, काम संपल्याचे कंट्रोलरने इंटरप्टने (प्रोसेसरचे चालू काम थांबवणाऱ्या संकेताने) कळवले की ती विनंती रांगेतून काढतो. प्रोसेसर एकच असेल तर थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवले की या दोघांची गाठ पडत नाही. प्रोसेसर दोन झाले की बंद होतात ते फक्त स्वतःच्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट. शेजारच्या प्रोसेसरवर हँडलर त्याच क्षणी त्याच रांगेत हात घालू शकतो. जुन्या लिनक्समध्ये सर्व प्रोसेसरांवरचे इंटरप्ट एकदम रोखण्याची सोय होती. २.५ या विकासमालिकेत ती काढून टाकली गेली, तेव्हा तिच्या भरवशावर लिहिलेल्या अनेक ड्रायव्हरांवर ‘ब्रोकन ऑन एसएमपी’ (अनेक प्रोसेसरांच्या मशीनवर निकामी) अशी खूणच करावी लागली.

याहून फसवी चूक एका ओळीची असते. ड्रायव्हर रांगेसाठी स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे आणि दुसऱ्याला तिथेच ताटकळत ठेवणारे कुलूप) घेतो, पण तो घेताना इंटरप्ट बंद करायचे राहून जाते. त्याच प्रोसेसरवर कंट्रोलरचा इंटरप्ट येतो, हँडलर तोच लॉक मागतो, आणि लॉक धरून बसलेले काम हँडलर संपेपर्यंत पुढे सरकू शकत नसल्यामुळे दोघेही कायमचे अडकतात. एका प्रोसेसरसाठी बांधलेल्या, प्रीएम्प्शन (कर्नेलचे चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला पाळी देणे) नसलेल्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्पिनलॉकचा कोड मुळात उरतच नाही, म्हणून हीच चूक तिथे मशीन कधीच अडकवत नाही. २००६ साली २.६.१८ मध्ये आलेला लॉकडेप, म्हणजे लॉकच्या वापरावर नजर ठेवणारा कर्नेलचा तपासनीस, इथे फार उपयोगी पडतो: एकच लॉक एकदा हँडलरमध्ये आणि एकदा इंटरप्ट चालू असताना घेतलेला दिसला की प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता तो तसे नोंदवतो.

आता एका प्रोसेसरच्या चाचणीकडे वळू. ती दोन तऱ्हांनी करता येते. कर्नेल सुरू करताना ‘मॅक्ससीपीयूज’ या पर्यायाला १ ही किंमत दिली तर बाकीचे प्रोसेसर जागे होत नाहीत, एवढेच, ‘नोएसएमपी’ दिले तर त्यांच्याबरोबर इंटरप्टची वाटणी करणारा आयओ-एपिकही बंद होतो. दुसऱ्या पर्यायाने तक्रार थांबली आणि पहिल्याने थांबली नाही, तर संशय रांगेच्या लॉकवरून काढून इंटरप्टच्या मार्गावर आणला पाहिजे. त्या मार्गाची खूण नोंदींतही सापडते: एखाद्या लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कोणत्याही ड्रायव्हरने आपले म्हटले नाहीत, तर कर्नेल ‘नोबडी केअर्ड’ असे लिहून ती लाइनच बंद करतो, आणि त्यानंतर डिस्कच्या आज्ञा एकामागून एक टाइमआउट होऊ लागतात. केबलचा दोष मात्र निराळा ओळखू येतो. स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या, नोंदींत १९९ क्रमांकाखालचा सीआरसी चुकांचा (वाटेत डेटा बिघडल्याच्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर ड्रायव्हर उघडण्याआधी केबल बदलावी.

मी स्वतः हाताळलेल्या एका सर्व्हरवर पहिले काही दिवस वाया गेले, कारण नोंदी त्याच डिस्कवर लिहिल्या जात होत्या आणि डिस्क गेली की शेवटची, सर्वांत मोलाची पाने तिच्याबरोबर जात होती. नेटकन्सोल (कर्नेलच्या नोंदी नेटवर्कवरून पाठवणारी सोय) लावून त्या नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवल्या. मग हँडलरमध्ये छापण्याच्या दोन ओळी घातल्या, तर दोषच नाहीसा झाला. छापण्याने हँडलर मंदावला होता आणि टक्कर व्हायची ती वेळच टळत होती. त्या ओळी काढून एफट्रेसने (कर्नेलच्या आतल्या घडामोडींचा माग ठेवणाऱ्या साधनाने) मेमरीतच नोंद ठेवली, तेव्हा प्रकार उघड झाला. डिस्क एखादा अवघड सेक्टर पुनःपुन्हा वाचू लागली की आज्ञेची ३० सेकंदांची मुदत संपे, एक प्रोसेसर ती रद्द करू लागे, आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या प्रोसेसरवर तिचे उत्तर येऊन पोहोचे. रद्द करणारा भाग लॉक न घेताच आज्ञेची जागा मोकळी करत होता. ती जागा लगेच नव्या विनंतीला मिळे, आणि जुने उत्तर तिच्या नावावर जमा होई. म्हणजे न वाचलेला डेटा वाचला गेल्याचे वरच्या थराला सांगितले जात होते. डिस्क गायब होण्यापेक्षा मला हे कितीतरी भयंकर वाटले.

दुरुस्ती छोटी होती: लॉक घ्यायचा, आज्ञा अजून जिवंत आहे का ते लॉकच्या आतच पाहायचे, आणि मगच जागा सोडायची. ती खरी ठरवण्यासाठी आम्ही दोष मुद्दाम वाढवला. मुदत ३० वरून १ सेकंदावर आणली, सर्व प्रोसेसर चालू ठेवले आणि लिहिलेला प्रत्येक ब्लॉक परत वाचून ताडून पाहणारा भार एफआयओने (डिस्कवर चाचणीचा भार टाकणाऱ्या साधनाने) लावला. जुना ड्रायव्हर काही मिनिटांतच चुकीचा ब्लॉक परत देऊ लागला. नवा ड्रायव्हर त्याच भाराखाली आठवडाभर चालला. टाइमआउट भरपूर झाले, पण एकही ब्लॉक चुकला नाही. तेव्हाच आम्ही मुदत पुन्हा ३० सेकंदांवर नेली.