छोट्या एअरलाइनची ऑफर आली? सही करण्याआधी ही एक तारीख शोधा

नमस्कार मंडळी. आज हवामानाच्या पेपरवर बोलणार होते, पण तुम्ही बोलू दिलं तर ना! इन्स्टावर तोच प्रश्न, व्हॉट्सअॅपवर तोच, परवा गंगापूर रोडला पेट्रोल भरत होते तर मागच्या स्कूटरवरून एक मुलगा ओरडून विचारतोय, "मॅडम, छोट्या एअरलाइनची ऑफर आली तर घ्यावी का?" अरे, मागे गाड्यांची रांग लागलीये!

तर घेऊ या तोच विषय, त्यातही बॉण्ड, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरेन, असा करार. नवीन लोकांसाठी सांगते, मी एका छोट्या एअरलाइनमध्ये एटीआर या पंख्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट होते, आता नाशिकमध्ये डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या पेपरांचे क्लासेस घेते. त्या एअरलाइनचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही.

मूळ गोष्टी पटकन उरकते. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. डीजीसीएचे पेपर, पासिंग ७० टक्के. आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायचं लायसन्स. २०० तास फ्लाइंग, की सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स. फ्लाइंगला धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया, नाहीतर परदेश. यावर चॅनलवर प्लेलिस्ट आहे, पुन्हा विचाराल तर लिंक देईन आणि थोडी चिडेनही.

आता सगळ्यांना एकदम घाई का सुटलीये? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आठवतंय ना? त्यामागे ड्युटीच्या वेळेचे नवे नियम होते, ज्यांना आपण एफडीटीएल म्हणतो. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. म्हणजे तेवढीच विमानं उडवायला जास्त पायलट लागणार. ही बातमी बघून घरोघरी आईवडील म्हणाले, "बघ, आता तुला लगेच नोकरी!"

थांबा. मोठ्या एअरलाइनला भूक लागली की ती आधी कोणाकडे बघते? दोनशे तासवाल्या नवशिक्याकडे नाही. ती बघते छोट्या एअरलाइनमधल्या तयार माणसाकडे. त्यामुळे छोट्यांकडची माणसं जातात, जागा रिकाम्या होतात आणि तिथे तुमचा नंबर लागतो. पण त्या एअरलाइनलाही कळतं की हा पोरगा तास जमवून उडून जाणार. मग ती काय करते? बॉण्ड.

आजचा व्हिडिओ बॉण्डवर आहे. त्यातही एकाच गोष्टीवर. बॉण्ड किती वर्षांचा, हे सगळे विचारतात. बॉण्ड मोजायला कोणत्या तारखेपासून सुरुवात होणार, हे कोणीच विचारत नाही. कोणीच नाही!

एकाने विचारलं होतं, आणि तो पायलट नव्हता. आमच्या क्लासमधल्या एका मुलाचे वडील, पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार. मुलगा ऑफर लेटर घेऊन आला, सोबत तेही आले. मुलगा पगार दाखवतोय, युनिफॉर्म भत्ता दाखवतोय. वडिलांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, "मॅडम, तीन वर्षं लिहिलंय, पण कधीपासून तीन वर्षं? आमच्याकडे व्यापारी म्हणतो महिन्याभरात पैसे देतो. महिना माल तोडल्यापासून की गाडी पोचल्यापासून, ते आधी कागदावर घेतो आम्ही." मी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये.

तर बघा, जॉइन झाल्यापासून प्रत्यक्ष लाइनवर उडेपर्यंत काय काय होतं. आधी ग्राउंड स्कूल. मग सिम्युलेटर, टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं ट्रेनिंग. मग सर्किट्स, म्हणजे प्रवासी नसलेलं विमान आणि नुसतं टेकऑफ, लँडिंग, टेकऑफ, लँडिंग. मग लायसन्सवर त्याची नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट. मग ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रवासी घेऊन सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. शेवटी चेक, आणि मग रिलीज, म्हणजे ट्रेनिंग कॅप्टनशिवाय लाइनवर उडायची मोकळीक.

मोठ्या कंपनीत या साखळीतला एक दुवा अडला तर दुसरा कोणीतरी उभा राहतो. छोट्या एअरलाइनमध्ये ट्रेनिंग कॅप्टन असतात बोटावर मोजण्याइतके. त्यातला एक आजारी पडला, एकाने राजीनामा दिला, किंवा एखादं विमान पार्ट नसल्यामुळे जमिनीवर बसलं, की अख्खी रांग थांबते. तुम्ही हॉटेलवर नाहीतर घरी मॅन्युअल वाचत बसता. त्यात तुमचा काही दोष नसतो. आणि तुमचा बॉण्ड "रिलीजच्या तारखेपासून" लिहिला असेल, तर हे सगळे महिने बॉण्डमध्ये धरलेच जात नाहीत. तुम्ही नोकरीत आहात, बांधलेले आहात, पण घड्याळ सुरूच झालेलं नाही.

हिशोब करून दाखवते.

[वही कॅमेऱ्यासमोर धरते]

समजा बॉण्ड तीन वर्षांचा, म्हणजे ३६ महिने. समजा रिलीज व्हायला ८ महिने लागले. बॉण्ड रिलीजपासून, म्हणजे झाले ४४. आता नोटीस पिरियड. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला ६ महिने आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्ष नोटीस द्यावी लागते. तुमच्या करारात जर लिहिलं असेल की बॉण्ड संपल्यावरच नोटीस देता येईल, तर ४४ अधिक ६, झाले ५०. तीन वर्षांचा बॉण्ड म्हणून सही केली, आणि गेटच्या बाहेर पडायला चार वर्षं दोन महिने. आता दुसरा कागद घ्या. बॉण्ड जॉइनिंगपासून, नोटीस बॉण्डच्या आत देता येते. सरळ ३६ महिने. दोन्ही ऑफर लेटरवर "बॉण्ड: तीन वर्षं" एवढंच ठळक अक्षरात असतं. चौदा महिन्यांचा फरक एका ओळीत बसलेला असतो.

आणि त्या पन्नास महिन्यांत तुम्ही कमांडर झालात तर? नोटीस एक वर्षाची. शिवाय अपग्रेडच्या वेळी नवा बॉण्ड पुढे येऊ शकतो. तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा: कधीपासून?

इथे एक दादा दर व्हिडिओखाली लिहितात, "बॉण्ड कायद्याने चालतच नाही, बिनधास्त सोडा." दादा, तुमच्या भरवशावर कोणाचे तरी लाखो रुपये जातील हो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या नोकरीची अट आणि आधी सोडल्यास दोन लाख, हे कलम वैध ठरवलंय. ते बँकेचं प्रकरण होतं, तुमच्या कराराला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण "चालतच नाही" हे विसरा. आणि २०२३ मध्ये आकासातून ४३ पायलट नोटीस न भरता निघून गेले, तेव्हा ते प्रकरण कोर्टात गेलं होतं. नवीन कंपनी तुमच्याकडे जुन्या कंपनीची एनओसी मागते, हेही लक्षात ठेवा. हां, दुसरी बाजूही आहे. नोटीसच्या काळात तुम्ही ड्युटी नाकारायची नाही, तसंच कंपनीनेही तुमचे हक्क, सोयी अडवायच्या नाहीत, असं डीजीसीएच्या त्याच २०१७ च्या नियमात आहे. ते पान प्रिंट काढून ठेवा.

आता पैशाच्या बाजूने तीच तारीख. समजा बॉण्डची रक्कम १८ लाख. दोन वर्षं झाली आणि घरच्या अडचणीमुळे सोडायची वेळ आली. रक्कम दर महिन्याला कमी होत जाणारी असेल तर उरले ६ लाख. तसं लिहिलेलं नसेल तर पूर्ण १८ मागू शकतात. आणि कमी होणारी असली तरी कधीपासून कमी होणार? पुन्हा तीच तारीख! रिलीजला तेच ८ महिने लागले असतील तर तुमची दोन वर्षं त्यांच्या कागदावर १६ महिने असतात.

मग काय करायचं? एचआरला ईमेल करायचा. फोन नाही, ईमेल. भाषा साधी: "बॉण्डचा कालावधी जॉइनिंगच्या तारखेपासून धरावा, किंवा कंपनीच्या कारणाने ट्रेनिंग लांबल्यास जास्तीत जास्त अमुक महिन्यांनंतर तो आपोआप सुरू व्हावा." पहिलं मान्य होणार नाही बहुतेक. कंपनीचीही बाजू आहे, टाइप रेटिंगचा खर्च त्यांनी केलाय, तुम्ही उपयोगी पडता ते रिलीजनंतरच. पण दुसऱ्यावर बोलणं होऊ शकतं. "असं विचारलं तर ऑफर काढून घेतील का?" ही भीती मला रोज ऐकायला मिळते. नम्रपणे तारीख विचारल्यावर जी कंपनी ऑफर काढून घेते, तिथे ४८ तासांची विश्रांती मागताना तुमचं काय होणार आहे, याचा विचार करा.

आता या विषयावर आलेच आहे तर तिथल्या वातावरणाबद्दल. छोट्या एअरलाइनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. क्रू शेड्युलिंगला फोन केला की समोरचा नावाने बोलतो. बहिणीचं लग्न आहे म्हटलं की रोस्टर हलवून देणारे लोक मी बघितलेत. ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण त्याच ओळखीमुळे "जरा येऊन जा ना, कोणी नाहीये" हा फोनही तुम्हालाच येतो. फटीग रिपोर्टचंही, म्हणजे थकवा आल्याचं कंपनीला लेखी कळवण्याचंही तसंच. कागदावर तो गोपनीय. पण त्या सेक्टरला, म्हणजे उड्डाणाला, उजव्या सीटवर कोण होतं हे अख्ख्या बेसला, म्हणजे क्रू जिथून काम करतो त्या ठिकाणाला, माहीत असतं, तर गोपनीय काय राहणार? मी रिपोर्ट दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर एका सीनियरने हसत हसत विचारलं, "झोप झाली का मग?" एवढंच. पुढे काहीही झालं नाही. पण त्यानंतर आमच्या बेसवर रिपोर्ट देणाऱ्यांची संख्या वाढली नाही, हे मात्र खरं.

म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी तिथे काम करणारा एखादा फर्स्ट ऑफिसर गाठा. त्याला पगार विचारू नका. विचारा, "तू गो-अराउंड म्हटलास तर तुझे कॅप्टन काय करतात?" गो-अराउंड म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढणं. २०१० मध्ये मंगळुरूच्या विमान अपघातात १५८ माणसं गेली. त्या विमानात फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड करा असं सांगितलं होतं आणि लँडिंग तरीही सुरू राहिलं. पन्नास कॅप्टन असले की एक तिरसट माणूस महिन्यातून एखाद्या वेळी वाट्याला येतो. आठच असले तर तो दर आठवड्याला तुमच्या डाव्या सीटवर बसतो. समोरचा उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा. तोच इंटरव्ह्यू.

"एटीआर म्हणजे पंख्याचं विमान, एसटी बस" असं लिहिणाऱ्यांनो, जून ते सप्टेंबर एकदा येऊन बघा. जेट ढगांच्या वर निघून जातं, एटीआर त्यातूनच जातं. दिवसाला चार सेक्टर, कधी त्याहून जास्त. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, ३,००० मीटरची धावपट्टी आहे, तिथे लाड होतात. जळगावची त्याहून बरीच आखूड. तिथे उतरताना विमान हाताळणं जे शिकायला मिळतं ना, ते माझ्या जेटवर गेलेल्या मित्रांनी मला स्वतः मान्य केलंय. फ्लाय९१ जळगावला आणि सोलापूरला एटीआरच नेते, अलायन्स एअरही एटीआर चालवते, स्टार एअरकडे एम्ब्रेअरची छोटी जेट आहेत. म्हणजे छोट्या एअरलाइनमध्ये जेट मिळतच नाही असंही नाही.

आणि हो, सगळ्या आयांसाठी: "नाशिकला विमानं येतात, मग माझ्या मुलाला नाशिक बेस मिळेल का?" काकू, विमान इथे येतं आणि अर्ध्या तासात परत जातं. बेस दुसरीकडे असतो. बेस कुठला आणि तो न विचारता बदलता येतो का, हेही करारातच असतं. बॉण्डच्या कलमाच्या आसपास शोधा.

तर मोठ्या एअरलाइनची वाट बघायची की ही घ्यायची? तारीख धड असेल, कॅप्टन लोक ऐकून घेणारे असतील, तर घ्या. घरी बसलेल्या लायसन्सचं मेडिकलही रिन्यू करावं लागतं, आयआर, म्हणजे उपकरणांवर उडायचं रेटिंगही रिन्यू करावं लागतं, आणि दोन्हीला पैसे लागतात. वर्षभर वाट बघितलेले विद्यार्थी माझ्या क्लासमध्ये पुन्हा टेक्निकल घासायला येतात. पण तारीख नसलेल्या कागदावर, "सगळे करतात" म्हणून, सही नाही.

पुढच्या आठवड्यात हवामान, नक्की. आणि एक कराल का? मागच्या वेळी तिघांनी आपल्या ऑफर लेटरचे फोटो सरळ कमेंटमध्ये टाकले, पॅन नंबरासकट, घरच्या पत्त्यासकट. मी ते काढून टाकले. बॉण्डचं कलम विचारायचं असेल तर कंपनीचं नाव आणि तुमची माहिती गाळून फक्त ती ओळ टाइप करा. तारखेची ओळ.