लिंकला मुलगी केलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर मंडळी, झेल्डा या व्हिडिओ गेमचं नाव काढलं की अर्ध्या लोकांना अजूनही वाटतं तो हिरव्या टोपीवाला पोरगा म्हणजेच झेल्डा. नाही हो, तो लिंक. झेल्डा ती राजकुमारी, जिला तो १९८६ पासून सोडवत बसलाय. आणि या लिंकला एकदा तरी मुलगी करा अशी मागणी कितीतरी वर्षं चाललीये, गेम काढणारी निन्टेंडो कंपनी काही ऐकत नाही.

आता दुसऱ्या कुठल्या हिरोचं असं करायचं म्हटलं तर भानगडी असतात, त्याचा भूतकाळ, त्याची लफडी, सगळं परत लिहायला घ्या. लिंकला यातलं काहीच नाही. तो बोलतच नाही, नुसता तलवार फिरवताना ओरडतो. वर बहुतेक गेममध्ये लिंक नवीनच असतो, जुन्या हिरोचा पुढचा अवतार टाईप. अहो, पुनर्जन्म म्हटला की आपल्याकडे माणूस मुंगीसुद्धा होतो, आणि याला एवढ्या जन्मांत एकदाही मुलगी होता येईना?

२०१६ मध्ये सिरीजचे प्रोड्युसर एइजी आओनुमा यांना हे विचारलं, तर ते म्हणाले ट्रायफोर्समध्ये, म्हणजे गेममधल्या त्या तीन भागांच्या जादुई त्रिकोणात, झेल्डा, व्हिलन गॅनन आणि लिंक असे तिघं, त्यात झेल्डा आधीच स्त्री आहे, लिंकपण झाला तर बॅलन्स बिघडेल. म्हणजे दोन पुरुष एक बाई हा बॅलन्स, आणि दोन बायका एक पुरुष झाला की बिघाड! मला तरी हे कारण तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. त्याच वर्षी हायरूल वॉरियर्स लेजंड्स या झेल्डाच्याच जगातल्या गेममध्ये लिंकल नावाची एक पोरगी आणली, ती स्वतःला हिरोचा अवतार समजते आणि सारखी रस्ता चुकते. घ्या, झालं समाधान?

खरं काम एका बापाने केलं, २०१२ मध्ये. लेकीला विंड वेकर या झेल्डा गेममधलं वाचून दाखवताना दरवेळी तोंडानेच 'तो'चं 'ती' करून कंटाळला, मग बसला आणि गेमची फाईलच उघडून सगळे डायलॉग बदलले, तेही नवीन शब्द जुन्याच्या जागेत बसवून. चित्राला हातसुद्धा लावला नाही. त्यातला लिंक म्हणजे डोळे मोठाले, अंगात झगा, धाकट्या बहिणीला सोडवायला निघालेलं पोर, ते मुलगी म्हणून आरामात खपतं.

मग २०२४ मध्ये निन्टेंडोने इकोज ऑफ विस्डम हा झेल्डा गेम काढला, लिंक सुरुवातीलाच गायब आणि झेल्डा हिरो. डायरेक्टर तोमोमी सानो, झेल्डा गेम डायरेक्ट करणारी पहिली बाई. गेम भारी आहे, वाद नाही. झेल्डा वस्तूंच्या कॉप्या काढते, जुन्या पलंगावर पलंग रचून भिंत चढते, दमली की त्याच पलंगावर झोपून हार्ट्स (म्हणजे गेममधला जीव) भरून घेते, मी तर अर्धा गेम पलंगांवरच काढला.

पण तलवार? ती मिळते, लिंकचीच, आणि तिला मीटर लावलाय. निळी एनर्जी संपली की तलवार बंद, परत पलंग रचा. लिंकच्या तलवारीला बहुतेक गेममध्ये असा मीटर लावलाय का यांनी? म्हणून माझं म्हणणं असं की झेल्डाला तिचा गेम दिलात ते झकास, पण लिंक मुलगी का नाही याचं ते उत्तर नाही, तो प्रश्न आहे तिथेच आहे.