फेसाखालचा पोहण्याचा पोशाख

नमस्कार श्रोतेहो. साठच्या दशकातल्या फ्रेंच सिनेमाचा विषय निघाला की काजळ घातलेले दोन मोठे डोळे हमखास आठवतात. ते आना कारिनाचे. बाई मूळची डेन्मार्कची, नाव हाने कारिन बायर. सतराव्या वर्षी ती पॅरिसला आली, तेव्हा हातात पैसे नव्हते आणि फ्रेंचही धड येत नव्हतं. कॅफेत बसलेली असताना फोटोसाठी विचारणा झाली आणि मॉडेलिंग सुरू झालं. ‘आना कारिना’ हे नाव सुचवलं प्रसिद्ध फॅशन डिझायनर कोको शानेलने.

साबणाच्या जाहिरातीत, फेसाने भरलेल्या टबात बसलेली आना फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदारने पाहिली. आपल्या पहिल्या चित्रपटात त्याने तिला छोटी भूमिका देऊ केली. पण कपडे उतरवायचे होते. तिने साफ नकार दिला. ‘जाहिरातीत बरं चाललं?’ असं त्याने विचारताच ती म्हणाली, फेसाखाली पोहण्याचा पोशाख होता, मी उघडी होते ती तुमच्या मनात. विशीही न गाठलेल्या मुलीचं हे उत्तर!

पुढे गोदारने तिला नायिका केलं, १९६१ मध्ये दोघांनी लग्नही केलं. त्याच वर्षी ‘अ वुमन इज अ वुमन’साठी बर्लिन महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘व्हिव्ह्र सा व्ही’ (१९६२) मात्र आवर्जून पाहा. पहिल्याच प्रसंगात ती कॅफेत कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलीय. जिच्या चेहऱ्यावर जाहिराती चालल्या, तिची आपल्याला फक्त मान दिसते, आणि तरी तिचं बिनसलंय हे कळतं. पुढे थिएटरच्या अंधारात ती दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा ‘जोन ऑफ आर्क’ हा मूकपट बघते नि डोळे भरून येतात. ड्रायरही डॅनिशच, बरं का.

तिला ‘गोदारची प्रेरणा’ म्हणून मोकळं होण्याची रीत मला पटत नाही. दिग्दर्शक जाक रिव्हेतच्या ‘ला रेलिज्यूझ’ या चित्रपटात ती मनाविरुद्ध मठात डांबलेली जोगीण आहे. अंगभर वस्त्रं, डोक्यावर पदर, उघडा फक्त चेहरा; आणि त्यावर संताप, भीती, हट्ट सगळं स्वच्छ वाचता येतं. माझ्या मते हेच तिचं सर्वांत मोठं काम. १९६६ मध्ये फ्रेंच सरकारने या चित्रपटावर बंदी घातली, तो प्रदर्शित झाला १९६७ साली.

तोवर गोदारशी काडीमोड झाला होता. पण काम थांबलं नाही. ती इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोन्तीच्या चित्रपटात दिसली, फ्रेंच गीतकार-संगीतकार सर्ज गेन्सबूरची गाणी गायली आणि १९७३ मध्ये ‘व्हिव्ह्र आँसांब्ल’ हा चित्रपट लिहून, दिग्दर्शित करून त्यात नायिकाही स्वतःच झाली.