आजी शेपटीतून चढली होती

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा. आणि मधेच विमान डोक्यावरून गेलं तर मी थांबेन, पार्लेकरांना त्याचं कारण सांगायला नको.

माझ्या नोकरीची सगळी वर्षं सांताक्रूझ विमानतळावर, विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये गेली. इंजिनाला हात लावणारे वेगळे, त्यांचा रुबाब वेगळा. आम्ही ‘आतले’. सीटा, गालिचे, पडदे, डोक्यावरचे रॅक, खिडकीच्या आतल्या चौकटी ही आमची कामं. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक जुने फोटो घेऊन येऊ लागले. ‘काका, हे आमचे आजोबा विमानात बसलेत, विमान कुठलं ते सांगा ना.’ विमान बाहेरून दिसत असेल तर कुणीही सांगेल. पण असे फोटो बहुतेक आतलेच असतात. सीटवर बसलेला माणूस, मागे अर्धी खिडकी, वर रॅकचा तुकडा.

मुळात असे फोटो आपल्याकडे फार निघालेच नाहीत. 1937च्या विमान नियमांतला तेरावा नियम असा, की विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. ज्यांनी काढले त्यांनी घाईघाईत, हवाई सुंदरीची पाठ वळल्यावर काढले. म्हणून ते तिरके, हललेले, अर्धवट काळोखे.

असा फोटो हातात आला की मी माणसांकडे बघत नाही, आधी खिडकी बघतो. खिडकीचा आकार ही हौसेची गोष्ट नसते. डाकोटा विमान आठवतंय का कुणाला? त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, बाहेरची हवा तीच आतली. म्हणून खिडकी चौकोनी असली तरी बिघडत नव्हतं. विमानं उंचावरून जायला लागली तशी आत हवा भरून ठेवणं आलं. म्हणजे विमान हा एक फुगा झाला, प्रत्येक उड्डाणाला फुगणारा आणि उतरल्यावर आकसणारा. फुग्याला भोक पाडायचं तर त्याला टोकदार कोपरा ठेवून चालत नाही, ताण नेमका तिथे गोळा होतो. 1954 साली इंग्लंडची दोन कॉमेट जेट विमानं तीन महिन्यांच्या आत हवेत फुटली. तपासात निघालं, की पत्रा पुन्हा पुन्हा ताणून थकला होता आणि चिरा खिडकीसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी होत्या. तेव्हापासून विमानात टोकदार कोपरा दिसणं संपलं.

आता आपल्याकडची विमानं घ्या. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेली ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन. त्याच्या खिडक्या गोल, बोटीच्या असतात तशा. 1954 पासून सुपर कॉन्स्टेलेशन आली, तिच्या चौकोनी, गोलसर कोपऱ्यांच्या. 1957 ला इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट आली आणि 1961 ला फॉकर फ्रेंडशिप. दोघींच्या खिडक्या मोठ्या, लंबगोल, पाट उभा केल्यासारख्या. मग ओळखायचं कसं? पंख बघा. फॉकरचा पंख खिडकीच्या वर असतो, व्हायकाउंटचा खाली. माझ्याकडे आलेल्या एका फोटोत खिडकीतून विमानाचं चाक सरळ दिसत होतं. घरचे सांगत होते व्हायकाउंट. खिडकीसमोर लोंबणारं चाक म्हणजे फॉकरच, कारण तिचं चाक पंखाखालच्या इंजिनाच्या कवचातून खाली येतं. त्या कुटुंबाचा जरा हिरमोड झाला. व्हायकाउंटला चार इंजिनं ना, फॉकरला दोनच.

डाकोटा तर खिडकी न बघताही ओळखू येते. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर उभी असताना ती बसलेल्या बैलासारखी, तोंड वर करून. अशा वेळी आत काढलेल्या फोटोत मधली वाट चढणीची दिसते. एक बाई म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई विमानातसुद्धा वाकून चालायच्या.’ म्हटलं, त्या वाकल्या नव्हत्या, जमीनच चढणीची होती.

(इथे विमान गेल्यामुळे थोडं थांबावं लागलं.)

एअरबसच होतं बहुतेक.

तर बोइंग. 1960 साली एअर इंडियाकडे बोइंग 707 आली, विमानांना हिमशिखरांची नावं, ‘नंदा देवी’सारखी. दोन वर्षांत सगळा ताफा जेट झाला. लहान, उभट चौकोनी, कोपरे गोल केलेल्या खिडक्या, एकीला लागून एक. पुढे सत्तरीच्या सुरुवातीला इंडियन एअरलाइन्सकडे 737 आली. तिचं अंग 707च्याच रुंदीचं, दोन्हीकडे तीन-तीन सीटा, खिडक्याही त्याच. नुसत्या खिडकीवरून या दोघींत फरक करता येत नाही. मग डोक्यावर बघायचं. 707 मध्ये सुरुवातीला उघडे रॅक होते, एसटीत असतात तसे, त्यांवर टोप्या आणि कोट ठेवायचे. झाकणवाले कप्पे आले ते 747च्या काळात. वर झाकण असेल तर फोटो सत्तरीचा किंवा नंतरचा. उघडा रॅक असेल तर पक्कं काही म्हणत नाही मी, जुनी विमानं बरीच वर्षं तशीच उडत राहिली.

एवढं सगळं ज्याला पाठ, त्याच्या घरी काय झालं ते आता सांगतो.

आमच्या गिरगावातल्या खोलीत देवघराच्या वर एक चौकोनी फोटो होता. आजी विमानात, नऊवारीत, मांडीवर माझा धाकटा चुलतभाऊ. काकाने काढलेला. काका दिल्लीला नोकरीला होता, आजीला तिकडे घेऊन चालला होता. मी तेव्हा चिपळूणला आजोळी शिकायला, त्यामुळे त्या प्रवासाचा साक्षीदार मी नाही. फोटोच्या मागे काकाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘आई, बोइंग विमानात, 1962.’

आजी तो प्रवास रंगवून सांगायची. पेपरमिंटच्या गोळ्यांचं तबक आलं, कानात घालायला कापूस दिला, वगैरे. आणि प्रत्येक वेळी एक वाक्य यायचंच. ‘आम्ही विमानाच्या शेपटीतून चढलो.’ सगळी चाळ हसायची. काका म्हणायचा, ‘आई, विमान म्हणजे काय म्हैस आहे का?’ ती म्हणायची, ‘हसा. शेपटीखाली जिना होता, मी मोजून पायऱ्या चढलेय.’ पुढे पुढे तिने सांगणं सोडलं.

मी त्या फोटोखाली वाढलो म्हणायला हरकत नाही. नोकरीला लागल्यावरसुद्धा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर दिवा लागायचा. दिवसभर खिडक्यांच्या चौकटी पुसून आलेला मी एकदाही त्यातली खिडकी बघितली नाही. आजीच बघितली.

खोली विकली तेव्हा फोटो माझ्याकडे आला. काच पुसताना प्रथम खटकला तो पदर. आजीचा पदर उजव्या खांद्यावर! आमच्याकडे नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. गुजराती पद्धतीने पदर घेणारी आजी आमची नव्हेच. म्हणजे फोटो उलटा छापलेला, डावं ते उजवं. स्टुडिओत निगेटिव्ह पालथी ठेवली की असं होतं, आणि लग्नामुंजीच्या हंगामात ते बऱ्यापैकी व्हायचं.

मग निगेटिव्ह शोधली. काकूच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या डब्यात, 120 रोलच्या पट्ट्या होत्या. काकाचा कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक, त्या काळी निम्म्या मध्यमवर्गाकडे असलेला, त्यात चौकोनी फोटो यायचा. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की ते सुलट वाचता येतात. तसे वाचले, आणि पदर डाव्या खांद्यावर गेला.

फोर्टातल्या एका दुकानातून ती निगेटिव्ह स्कॅन करून घेतली. कागदावर खिडकी पांढरी फटक होती. फ्लॅश नव्हता, आजीच्या चेहऱ्यासाठी छापताना खिडकी जळून गेली. पण निगेटिव्हमध्ये कागदापेक्षा बरंच जास्त शिल्लक असतं. पडद्यावर ती खिडकी उमटली तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो. खाली रुंद, वर निमुळती, तिन्ही कोपरे गोल. उकडीच्या मोदकाची फक्त कड काढली तर कशी दिसेल, तशी. प्रवासी विमानांत अशी खिडकी म्हटली की एकच नाव येतं: फ्रान्सचं कॅरव्हेल.

ही चौकट मी हातात धरलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टोअरच्या कोपऱ्यात एक काढून ठेवलेली पडली होती, आम्ही तिच्यावर चहाचे ग्लास ठेवायचो. भोक लहान ठेवलं की पत्र्यावर ताण कमी, पण माणसाला खाली बघायचं असतं, म्हणून तळाशी रुंद आणि वर चिमटीत धरल्यासारखी. फ्रेंच माणसाचं डोकं बघा. आणि त्याच माणसाने पुढचं नाक मात्र स्वतः केलं नाही, इंग्रजांच्या कॉमेटचंच घेतलं.

खिडकीतून बाहेर, लांबवर उभ्या दुसऱ्या विमानाला लावलेली शिडी दिसते, तिच्यावर अक्षरं आहेत. घरच्या फोटोत ती नुसती खरखर वाटायची, कारण अर्धी जळलेली आणि वर उलटी. सुलट केल्यावर शेवटची पाच स्वच्छ वाचता आली: एल, आय, एन, ई, एस. लाइन्स. म्हणजे इंडियन एअरलाइन्स, आणि खिडकी कॅरव्हेलची, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. इंडियन एअरलाइन्सने कॅरव्हेल 1964 साली मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर आणली. मग 1962 कुठून आलं?

याचं उत्तर विमानात नव्हतं, चुलतभावाच्या डोक्यावर होतं. डोकं तुळतुळीत नाही, खुरटे केस उगवलेत. म्हणजे जावळ काढून दोन-तीन आठवडे झालेले. त्याचा जन्म मे 1965चा. जावळ काढायला तिसरं वर्ष लागायची वाट बघितली, दिल्लीहून सगळे आले, नाशिकला मामाच्या मांडीवर बसवून ते काढलं 1967च्या दिवाळीनंतर. हे काकूला आजही तोंडपाठ आहे, कारण त्या दिवशी न्हावी दोन तास उशिरा आला होता. मग परत जाताना आजीला बरोबर नेलं. फोटो 1967च्या अखेरचा. 1962 ला तर तो मुलगा जन्मलाच नव्हता, आणि इतकी वर्षं आम्ही त्याला 1962च्या फोटोत मांडीवर बसवून ठेवलं होतं!

काका खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. मागचं लिखाण बॉलपेनचं आहे, बऱ्याच नंतरचं, बहुधा फ्रेम करायला देताना केलेलं. तोवर आपल्याकडे कुठलंही जेट विमान म्हणजे ‘बोइंग’ झालं होतं, जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. व्हीटी म्हटलं की मुंबईकराला स्टेशन आठवतं, आमच्या हँगरवाल्यांना भारतातल्या प्रत्येक विमानाच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं. शब्द कुणाच्या तोंडी आहे त्यावर सगळं.

आणि आता शेपटी. कॅरव्हेलची दोन इंजिनं पंखांवर नसतात, मागे शेपटीजवळ दोन्ही अंगांना लावलेली असतात. असं पहिलं प्रवासी जेट तेच. आणि त्या दोन इंजिनांच्या मधे, शेपटीच्या बरोबर खाली, विमानाचा स्वतःचा जिना उतरतो. बाहेरून शिडी आणायची गरज नाही. माणसं मागून, शेपटीखालून वर चढतात.

हे मला नोकरीतल्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. आजी तेव्हा हयात होती.

कॅरव्हेलबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, तिचं नाव काढलं की जुने लोक तीच आधी काढतात. 12 ऑक्टोबर 1976 च्या रात्री मद्रासला निघालेली कॅरव्हेल सांताक्रूझहून उडाली. इंजिनातली एक चकती फुटली, तिने इंधनाची नळी तोडली, आग लागली. परत फिरून उतरत असताना विमान ताब्यातून गेलं. 95 जण गेले. मी लागलो तेव्हा हँगरमधले वडीलधारे तिचं नाव हळू आवाजात घ्यायचे. काकाने बॉलपेनने ‘बोइंग’ लिहिलं त्यामागे हेही असेल का, असं कधीकधी मनात येतं. आता विचारायला तो नाही.

मी नवा फोटो करून घेतला, सुलट, खिडकी दिसेल असा. राखीपौर्णिमेला सगळे जमले तेव्हा दाखवला. शेपटीचं सांगितलं. काकू बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘पायऱ्या होत्या रे, मीही चढले होते. ह्यांच्यापुढे बोलले नाही.’ चुलतभाऊ फोटो हातात घेऊन एकदा लांब धरून बघत होता, एकदा जवळ. म्हणाला, ‘सगळं बरोबर आहे दादा, पण ही आजी वाटत नाही.’ बाकीच्यांनीही माना हलवल्या. चाळीस-पन्नास वर्षं उजव्या पदराची आजी बघितलेली.

सध्या दोन्ही लावलेत, शेजारी शेजारी. येताना दोन्ही घेऊन आलोय, इथे टेबलावर आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी पुढे या, फक्त चहाचे कप तिकडे ठेवून या.