एका आईचा जबाब

लाट किनाऱ्यावर येते, पडद्यावरचे एक नाव पुसून मागे सरते आणि त्याच्या जागी दुसरे नाव उमटते. मॅक्स स्टायनर यांचे संगीत त्या लाटांबरोबर चढत आणि उतरत राहते. श्रेयनामावली संपता संपता रात्र पडते, समुद्रकाठचे एक एकाकी घर दिसते आणि गोळ्यांचे आवाज येतात. आरशाची काच तडकते, उंची पोशाखातला एक पुरुष जमिनीवर कोसळतो आणि प्राण जाताना त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो, 'मिल्ड्रेड'. गोळ्या झाडणारा हात मात्र आपल्याला दाखवला जात नाही.

वॉर्नर ब्रदर्सने १९४५ साली प्रदर्शित केलेल्या 'मिल्ड्रेड पिअर्स' या चित्रपटाची ही सुरुवात आहे. पहिली काही मिनिटे पाहताना आपण एक रहस्यपट पाहतो आहोत याबद्दल कोणालाही शंका येणार नाही. फरचा कोट घातलेली एक स्त्री रात्री समुद्रातल्या धक्क्यावर एकटीच उभी असते. कठड्यावर दंडुका आपटून एक पोलीस तिला भानावर आणतो आणि घरी जायला सांगतो. थोड्याच वेळात ती वॉली फे नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाला त्याच समुद्रकाठच्या घरी नेते आणि मृतदेहाबरोबर त्याला आत कोंडून निघून जाते. दारे बंद असलेल्या त्या घरात वॉली सैरावैरा धावतो, तेव्हा त्याची सावली त्याच्याहून मोठी होऊन भिंतींवर फिरत राहते. अखेर काच फोडून तो बाहेर पडतो आणि थेट पोलिसांच्या हाती सापडतो.

त्यानंतर ती स्त्री, म्हणजे मिल्ड्रेड, पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर पीटरसनसमोर बसते. पोलिसांचा खुनाचा संशय आता वॉलीवर नसून तिच्या पहिल्या नवऱ्यावर, बर्टवर, आहे. तो निर्दोष आहे हे पटवून देण्यासाठी ती बोलू लागते आणि चित्रपटाचा प्रकाशच पालटतो. रात्रीच्या जागी लख्ख दिवस येतो आणि ग्लेंडेल या लॉस एंजेलिसजवळच्या गावातले मध्यमवर्गीय घर दिसते, स्वयंपाकघर दिसते, विकण्यासाठी केक आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) करणारी आई दिसते. आपण जणू स्वयंपाकघरातच जन्मलो आणि लग्नापुरते काही तास सोडले तर सगळे आयुष्य तिथेच काढले, असे ती सांगते. इथून पुढे आपण जे पाहतो तो कौटुंबिक मेलोड्रामा आहे. त्यात नवरा घर सोडून जातो, दोन मुलींची जबाबदारी एकट्या आईवर येते, ती उपाहारगृहात वेट्रेसचे काम पत्करते, स्वतःचे उपाहारगृह काढते, त्याच्या शाखा निघतात, आणि या साऱ्या कष्टांचे कारण असलेली थोरली मुलगी व्हीडा आईच्या कष्टांच्याच वासाची किळस करत मोठी होते.

आपल्याकडे 'मेलोड्रामा' हा शब्द बहुतेक वेळा नाक मुरडण्यासाठीच वापरला जातो. तो इथे पूर्ण आदराने वापरला आहे. या चित्रपटातले अश्रू अनाठायी नाहीत, आणि रहस्यही केवळ प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यासाठी वरून चिकटवलेले नाही. स्वयंपाकघराची ही सगळी कहाणी पोलिसांना दिलेला जबाब आहे, हे एकदा ध्यानात आले की चित्रपट नव्याने दिसू लागतो. आई आपले आयुष्य उलगडून सांगते आहे, रडते आहे, स्वतःच्या चुका कबूल करते आहे, आणि त्याच वेळी एक गोष्ट जिवापाड लपवते आहे. जिच्यासाठी तिने हे आयुष्य झिजवले, तिलाच वाचवण्यासाठी ती ते सांगते आहे. तिची माया हाच तिने पोलिसांसमोर उभा केलेला पडदा आहे, आणि म्हणून मेलोड्रामा आणि गुन्हेकथा या चित्रपटात वेगळ्या काढता येत नाहीत.

जेम्स एम. केन यांच्या १९४१ सालच्या मूळ कादंबरीत हा खून नाही. तिथे मंदीच्या काळातल्या एका स्त्रीची कहाणी काळाच्या क्रमाने सरळ सांगितलेली आहे, आणि व्हीडा तिथे नामवंत गायिका होते. त्या कादंबरीतले लैंगिक व्यवहार जसेच्या तसे पडद्यावर आणणे हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेमुळे शक्य नव्हते, आणि पापाला शासन झालेले दाखवणेही भाग होते. निर्माते जेरी वॉल्ड यांनी खुनाची आणि पूर्वस्मृतीची चौकट आणली, ती काही अंशी या अडचणीतून वाट काढण्यासाठी. केन यांच्याच दुसऱ्या कथेवरचा, कबुलीजबाबाच्या रूपात उलगडणारा 'डबल इन्डेम्निटी' १९४४ साली यशस्वी झाला होता, हेही विसरता येत नाही. पटकथेवर अनेकांनी काम केले. कॅथरीन टर्नी यांनी मसुदे लिहिले, पण पटकथेचे श्रेय पडद्यावर एकट्या रानाल्ड मॅकडूगल यांना मिळाले. स्त्रीची कहाणी लिहिणाऱ्या स्त्रीचे नाव गळाले, याची हळहळ हा चित्रपट पाहताना दर वेळी वाटते.

दिग्दर्शक मायकेल कर्टिझ मूळचे बुडापेस्टचे आणि छायालेखक अर्नेस्ट हॉलर. या दोघांनी प्रकाशाची जी योजना केली आहे, ती सावकाश पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला वर्तमान काळोखाचा आणि भूतकाळ उजेडाचा, अशी स्पष्ट वाटणी आहे. माँटी बेरागॉन हा खानदानी, ऐतखाऊ पुरुष, म्हणजे सुरुवातीला गोळ्या लागून कोसळलेला माणूस, मिल्ड्रेडच्या आयुष्यात आल्यानंतर मात्र भूतकाळातही सावल्या शिरू लागतात. मिल्ड्रेडकडे जसजसा पैसा येतो तसतशी घरे मोठी होतात आणि खोल्या काळवंडत जातात. शेवटी भूतकाळ आणि वर्तमान त्याच समुद्रकाठच्या घरात येऊन मिळतात, तोवर दोहोंचा काळोख एकच झालेला असतो. गुन्ह्याभोवती फिरणाऱ्या अशा काळोख्या चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', हे नाव फ्रान्समध्ये १९४६ साली समीक्षक निनो फ्रँक यांनी दिले, म्हणजे हा चित्रपट करणाऱ्या कोणालाही आपण 'न्वार' करतो आहोत हे ठाऊक नव्हते.

आता एक प्रसंग जवळून पाहू या. वेट्रेस म्हणून काम करत असल्याचे मिल्ड्रेडने मुलींपासून लपवले आहे. एक दिवस ती घरी येते तेव्हा घरातली कामवाली लॉटी तिला दिसते, आणि लॉटीच्या अंगावर मिल्ड्रेडचाच वेट्रेसचा गणवेश असतो. व्हीडाने तो शोधून काढून लॉटीला घालायला लावलेला असतो. मुलीने आईला तोंडावर एक अपशब्दही न वापरता, केवळ एका कपड्याने तिची जागा दाखवून दिलेली आहे. मिल्ड्रेड तिच्या थोबाडीत मारते आणि पुढच्याच क्षणी पश्चात्तापाने विरघळते, हात तुटला असता तरी बरे झाले असते असे म्हणते, आणि आपण स्वतःचे उपाहारगृह काढणार असल्याचे मुलीला सांगते. उपाहारगृहांची सारी साखळी त्या एका अपमानातून उभी राहिली आहे. या दृश्यातली दुसरी वेदना चित्रपटाला मात्र पुरती उमगलेली नाही. लॉटीची भूमिका बटरफ्लाय मॅक्वीन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे. तिच्या अंगावरचा गणवेश हाच अपमान मानला जातो, याचा अर्थ तिच्यासाठी काय असेल, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, आणि श्रेयनामावलीत तिचे नावही नाही.

पुढे जिन्यावर दुसरी थप्पड बसते. गरोदर असल्याची थाप मारून व्हीडाने एका श्रीमंत घरातून दहा हजार डॉलर मिळवले आहेत. तुझ्यापासून, तुझ्या कोंबड्या, केक आणि 'पाय' या पदार्थांपासून, स्वयंपाकघरांपासून आणि तळणीचा वास येणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून मला या पैशाने सुटता येईल, असे ती आईला सांगते. मिल्ड्रेड धनादेश फाडते आणि मुलगी आईच्या मुस्काटात मारते. मिल्ड्रेड साकारणाऱ्या जोन क्रॉफर्ड यांचा या वेळचा चेहरा पाहावा. त्यात आधी दुखणे आहे, मग ओळख आहे, आणि मग असा थंडपणा आहे की माझ्या हातून तुझा जीव जाण्याआधी निघून जा, हे वाक्य पोकळ वाटत नाही. न्वार चित्रपटात पुरुषाचा घात करणारी मोहिनी असते. इथे ती जागा मुलीने घेतली आहे आणि मोहात पडलेली व्यक्ती तिची आई आहे. व्हीडा साकारणाऱ्या ॲन ब्लाइथ तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या, आणि गोड चेहऱ्याआडचे विष त्यांनी एकदाही आवाज न चढवता दाखवले असते तरी ते तितकेच झोंबले असते. मिल्ड्रेडची मैत्रीण आयडा, म्हणजे ईव्ह आर्डन, हिने व्हीडाची पारख फार आधीच केलेली असते. मगरी आपली पिल्ले खातात तेच बरोबर आहे, हे व्हीडाकडे पाहून पटते, असे ती म्हणते.

क्रॉफर्ड यांच्यासाठीही या भूमिकेचे मोल वेगळे होते. १९३८ साली चित्रपटगृहांच्या मालकांच्या एका जाहिरातीत त्यांची गणना गल्ला बुडवणाऱ्या ताऱ्यांत झाली होती, आणि १९४३ साली अठरा वर्षांनंतर त्यांनी एमजीएम हा स्टुडिओ सोडला होता. कर्टिझ यांना त्या या भूमिकेत नकोच होत्या. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीने नवोदितासारखी चाचणी दिली आणि भूमिका मिळवली. मार्च १९४६ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा आजारपणाचे कारण सांगून त्या घरीच राहिल्या होत्या, आणि पुरस्कार हाती घेतलेली त्यांची अंथरुणातली छायाचित्रे जगभर गेली. टेक्सासमध्ये लुसिल लसूर या नावाने जन्मलेल्या क्रॉफर्ड यांनी गरिबीमुळे शाळेत असताना साफसफाईची कामे केली होती. मिल्ड्रेड ट्रे उचलते, पीठ मळते, पैसे मोजते, तेव्हा त्या हातांना कष्ट नवे वाटत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजही खटकते. मिल्ड्रेड माँटीबरोबर आयुष्यात पहिल्यांदा थोडा वेळ स्वतःसाठी घालवते, आणि परत येते तेव्हा के ही धाकटी मुलगी न्यूमोनियाने मरणाच्या दारात असते. घराबाहेर पाऊल टाकून सुख शोधणाऱ्या आईला कथेने इतक्या तत्परतेने शिक्षा द्यावी, हे पटत नाही. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा महायुद्ध नुकतेच संपले होते, पुरुष परतत होते आणि कारखान्यांतल्या स्त्रियांना घरची वाट दाखवली जात होती. ती हवा या कथेत आहे. तरीही कर्टिझ यांचा कॅमेरा मिल्ड्रेडच्या कामाकडे पाहतो तेव्हा तो कथेपेक्षा उदार असतो. उपाहारगृहातली लगबग, तिचा ताठ कणा, हिशेब करताना तिच्या चेहऱ्यावर येणारे समाधान, हे सारे त्याने कौतुकाने टिपले आहे.

अखेर जबाब अपुरा असल्याचे उघड होते. सुरुवातीच्या गोळ्या आपण पुन्हा पाहतो, आणि या वेळी गोळ्या झाडणारी व्हीडा दिसते. पोलीस तिला घेऊन जातात. मिल्ड्रेड पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या उंच कमानीखाली येते, तिथे बर्ट तिची वाट पाहत असतो, आणि दोघे पहाटेच्या उजेडाकडे चालू लागतात. चौकटीच्या एका बाजूला दोन स्त्रिया गुडघ्यांवर बसून फरशी घासत असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आणि मिल्ड्रेड त्यांच्याजवळून पुढे निघून जाते. संगीत चढते, अक्षरे पडद्यावर येतात, तोवर त्या दोघींचे हात फरशीवर फिरत असतात.