पुडी पोचली, पाणी चुकलं
(आशा स्वयंसेविका आणि गटप्रवर्तकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पावसाळ्याच्या तोंडावर अतिसाराची मोहीम लागली की तुमच्या पिशवीत ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवायच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या येतात. संध्याकाळी अहवाल भरायचा : इतकी घरं, इतक्या पुड्या. किती आयांना ते पाणी नीट कालवता आलं, असा रकाना त्यात सहसा नसतो. आज त्या नसलेल्या रकान्याबद्दल बोलू.

हा रकाना एकदा खरोखर भरला गेला होता, आपल्या शेजारी बांगलादेशात. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका घरोघर फिरल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. हातात पुडी नव्हती. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी, एवढंच शिकवायचं. पण शिकवणारीचं मानधन घरांच्या संख्येवर नव्हतं. काही दिवसांनी दुसरी माणसं त्यातली थोडी घरं निवडून जायची, आईला काय आठवतं ते विचारायची आणि तिच्याकडून पाणी बनवून घ्यायची. आईला जितकं जमलं, तितके शिकवणारीला पैसे. साहजिकच तिचं बोलणं कमी झालं आणि आईच्या हातांकडे बघणं वाढलं.

तरी एक घोटाळा झालाच. आयांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडलं की ते पाणी देणाऱ्या थोड्याच. शोध घेतला तेव्हा कळलं, शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या घरात जुलाब झाले की त्या गोळ्याच देत. आणि गावातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे या दोन्ही गोष्टी सुधारल्या. आपल्याकडे पुरुषांच्या जागी सासूबाई धरा. ओट्याशी सून असते, पण ‘सलाईन लावून आण’ हा हुकूम बाहेरच्या खोलीतून येतो. सासूबाईंना सोबत बसवल्याशिवाय भांडं मागूच नका.

आता भांड्याकडे येऊ. पुडी एक, पाणी एक लिटर. पण लिटर म्हणजे किती? तांब्या कुठे पाऊण लिटरचा, कुठे सव्वा लिटरचा. घरात पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली बहुधा सापडते, तिने मोजा. ते पाणी घरातल्याच पातेल्यात ओतायला लावा आणि पातळी आली तिथे बाहेरून नखपॉलिशची रेघ ओढा. तुम्ही गेल्यावर ती रेघच शिकवत राहते. पाणी उकळून गार केलेलं असलं तर उत्तम, नसेल तर घरात पिण्याचं जे सर्वांत स्वच्छ असेल ते. पुडी टाकल्यावर मात्र उकळायचं नाही.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘एवढंसं लेकरू, लिटरभर कुठे पितंय?’ म्हणून पुडीतली चिमूटभर पावडर पेल्यात टाकतात आणि उरलेली पुडी रबर लावून डब्यात. पावडर जास्त पडली तर मीठ वाढतं, मूल तहानेने कासावीस होतं, किरकिरतं. कमी पडली तर मूल नुसतं पाणीच पितं. पुडीत ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट मिळून साडेवीस ग्रॅम असतात. ते सगळं लिटरला बेतलेलं आहे, चिमटीने वाटण्यासारखं नाही. दुकानात २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, म्हणून पुडीवरचा आकडा आधी वाचायचा. कालवलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

दुसरी चूक मायेपोटी होते. चव खारट लागते म्हणून वरून दोन चमचे साखर. मीठ आणि ग्लुकोज आतड्याच्या एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा हे दार बंद पडत नाही. जादा साखर मात्र दाराबाहेर अडकते आणि उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते. जुलाब वाढतात आणि दोष पुडीला लागतो. खोक्यातली गोड पेयंही म्हणूनच नकोत.

१९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच दारावर भरवसा ठेवून मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. पाणी पाजण्याचं काम तिथे बरंचसं रुग्णांच्या नातेवाइकांनीच केलं, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं.

एक वाक्य मात्र कधीही गाळू नका : ‘या पाण्याने जुलाब लगेच थांबणार नाहीत.’ हे ऐकलं नाही की आई दुपारपर्यंत वाट बघते, संडास चालूच दिसते, आणि ती इंजेक्शन देणाऱ्याकडे जाते. अंगातून गेलेलं पाणी भरून काढणं हे या पाण्याचं काम. जुलाब दोन-चार दिवसांत ओसरतात, तोवर मूल सुकू द्यायचं नाही. अंगावरचं दूध आणि रोजचं खाणं चालूच ठेवायचं.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे चहाचा अर्धा ते एक कप. त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. तान्ह्याला चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. गटागटा पाजलं की उलटी व्हायचीच.

झिंक सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यातल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. सलग १४ दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्याही थांबतात, हे नेहमीचं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून बाकीच्या गोळ्या आहेत, हे तिला सांगा आणि चौदावा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हाताने गोल करून घ्या.

शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका. त्याला ‘हो’ हेच उत्तर असतं. ‘उद्या सकाळी अर्धं पातेलं उरलं तर काय करशील?’ असं विचारा. पोटाची चिमूट कशी घ्यायची, तेही तिच्या हाताने करून घ्या : बेंबी आणि कूस यांच्या मध्ये, उभी, आणि सोडायची. कातडी सावकाश सपाट झाली तर मूल सुकतंय. दोन सेकंदांहून जास्त लागले, डोळे खोल गेले, मूल पिईना किंवा सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं, तर लगेच १०८ किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. वाटेतही पाजत राहायचं, पिण्याइतकी शुद्ध असेल तर.

मागून कुणीतरी विचारलं, पुड्या संपल्या असतील तर? एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमचा भरून वरून सुरीच्या पाठीने ओढलेला. शीग लावलेल्या चमच्याने मीठ दुपटीच्या जवळ जातं. मुलाला देण्याआधी आईने चाखायचं. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं.